एका श्रोत्याच्या स्पूल आणि कॅसेटी : शहराच्या ध्वनिसंग्रहात नेमके काय आणि कसे जपावे?

प्रश्न विचारणारे : पेठेतले वाचनालय

नमस्कार. पुण्याच्या मध्यवस्तीतील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. गेल्या महिन्यात आमच्या एका दिवंगत सभासदांच्या कन्येने वडिलांचा संग्रह वाचनालयाला दिला. त्यात ३१ स्पूल (चकतीवर गुंडाळलेल्या उघड्या ध्वनिफिती), २१२ कॅसेटी आणि एक जाडजूड नोंदवही आहे. हे गृहस्थ १९६६ ते १९८९ या काळात पुणे आणि मुंबई केंद्रांवरून जे आवडेल ते घरच्या यंत्रावर उतरवून घेत असत. संगीत त्यात आहेच, पण निम्म्याहून अधिक भाग बोलण्याचा आहे: श्रुतिका, भाषणे, मुलाखती, कीर्तने, शेतकऱ्यांसाठीचे संवाद, मराठीतून केलेले क्रिकेटचे धावते वर्णन, आणि काही ठिकाणी सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. बातम्या बहुधा जपण्याच्या हेतूने घेतलेल्या नाहीत. पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहताना यंत्र आधीच सुरू केलेले असावे.

आमच्या कार्यकारिणीत मतभेद आहेत. काहींचे म्हणणे असे की नामवंत गायकांचे तेवढे निवडून, एखाद्या दुकानातून एमपी-३ करून घ्यावे आणि बाकीचा पसारा आवरावा, कारण आकाशवाणीने आपले कार्यक्रम स्वतः जपलेलेच असणार. मला हे पटत नाही, परंतु पटत नाही एवढेच सांगून सभा जिंकता येत नाही. शहराचा म्हणून एखादा ध्वनिसंग्रह उभा करायचा असेल तर त्याची सुरुवात अशाच एखाद्या कपाटापासून होईल, असे मला वाटते.

नोंदवहीची पहिली काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या बऱ्याच स्पूलवर काय आहे आणि ते कधीचे आहे, हे कळायला मार्ग नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की सर्वप्रथम काय करावे, काय अजिबात करू नये, आणि यातील काही लोकांना ऐकवण्याची परवानगी कायद्याने मिळू शकते का.

उत्तर : दोन ट्रॅक

आपण विचारण्याआधी एखादी स्पूल लावून पाहिली नसेल, अशी आशा करतो. पाहिली असेल तर येथेच थांबावे. चाळीस-पन्नास वर्षे न हललेली फीत पहिल्याच फेरीत तुटू शकते किंवा तिच्यावरचा थर यंत्राच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागावर, निघून येऊ शकतो, आणि निघालेला थर म्हणजेच आवाज. तो परत चिकटवता येत नाही.

माझे सगळे आयुष्य फितींमध्ये गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिले काम नाकाचे आहे. प्रत्येक स्पूलचा डबा उघडून वास घ्यावा. शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती फीत ॲसिटेट नावाच्या जुन्या प्लास्टिकची आहे आणि तिचे विघटन सुरू झाले आहे, असे समजावे. ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की तिला मागे नेता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त तिचा वेग कमी करता येतो. त्यातून निघणारे आम्ल शेजारच्या फितींचेही विघटन वाढवते, म्हणून असे डबे त्याच दिवशी वेगळ्या कपाटात हलवावेत आणि ध्वनिरूपांतरात त्यांचा क्रम पहिला लावावा. आपल्याच गावात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. चित्रपटांच्या ॲसिटेट रिळांना नेमका हाच आजार होतो, त्यामुळे त्याची भाषा जाणणारी माणसे पुण्यात सापडणे अवघड नाही. वास येत नसेल तर गुंडाळलेली फीत उजेडासमोर धरून पाहावी. ॲसिटेटमधून थोडा उजेड आरपार येतो, पॉलिएस्टरमधून येत नाही.

पॉलिएस्टर फितीचा त्रास वेगळा आहे. तिच्या थरातील चिकटद्रव्य हवेतील ओलावा शोषून मऊ पडते, मग फीत हेडवर किंचाळते आणि तपकिरी लगदा सोडते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील काही बनावटींत हा दोष विशेष आढळतो. अशा फिती सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, नियंत्रित भट्टीत काही तास सावकाश तापवतात आणि त्यानंतर थोडे दिवस त्या वाजवता येतात. हे काम स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये करू नये, आणि ॲसिटेटची फीत तर कोणत्याही परिस्थितीत तापवू नये. म्हणूनच आधी फितीची जात ओळखायची.

बुरशी दिसली तर तो डबा पिशवीत बंद करावा, तोंडाला मुखपट्टी लावल्याशिवाय उघडू नये आणि यंत्राजवळही आणू नये. एका बुरशीच्या फितीनंतर त्याच यंत्रावर दुसरी निरोगी फीत चढवली, तर बुरशीची वाटणी आपणच केल्यासारखे होते.

कॅसेटींच्या बाबतीत आज संध्याकाळीच करता येण्याजोगे काम एकच आहे. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत जे छोटे कान असतात ते सर्वच्या सर्व तोडून टाकावेत. म्हणजे कोणाचा चुकून हात लागला तरी वर दुसरे ध्वनिमुद्रण होणार नाही. हे मी अनुभवाने लिहितो आहे. तरुणपणी मी ज्या केंद्रात काम केले त्याचे नाव घेत नाही. तेथे कार्यक्रम प्रसारित झाला की स्पूल इरेज होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरात येत असे, कारण फीत महाग होती आणि कोटा ठरलेला होता. एकदा मी स्वतः एका वृद्ध शाहिराची पाऊण तासाची मुलाखत पुसली. आदेश लेखी होता, सही माझी होती. पुढे सहा महिन्यांनी शाहीर वारले आणि श्रद्धांजलीसाठी ती मुलाखत शोधायला वरिष्ठ माझ्याकडेच आले.

आता रूपांतराविषयी. यंत्र उत्तम स्थितीतील असावे, हेड स्वच्छ केलेले व विचुंबकित असावे, आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन जुळवून घ्यावा. घरोघरीच्या यंत्रांचा कोन थोडा थोडा वेगळा असायचा, आणि तो जुळला नाही तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. घरगुती स्पूल बहुधा चार ट्रॅकच्या, म्हणजे फितीच्या रुंदीत आवाजाच्या चार समांतर पट्ट्या असलेल्या, असतात. चुकीच्या हेडवर लावल्या की पुढून एक माणूस सुलटा बोलतो आणि मागून दुसरा उलटा. ते ऐकून फीत बिघडली असे समजू नये. यंत्र चुकीचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ संगणकीय प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापाची आणि न दाबलेल्या वेव्ह स्वरूपातील असावी. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे, परंतु संग्रहांत ९६ चे माप सर्रास वापरले जाते. मोनोमध्ये एका तासाला साधारण १.०४ गिगाबाइट लागतात. आपला सगळा ऐवज ३५० तासांचा धरला तरी ३६५ गिगाबाइटांच्या आत बसेल, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण वेळेची आहे, कारण तासाभराची फीत तासाभरातच वाजते. आठवड्याला सहा तास दिले तर वर्ष उलटून जाईल. या मूळ प्रतीवर खरखर काढणे, आवाज उजळणे असे कोणतेही सोपस्कार करू नयेत. ते ऐकवण्याच्या दुसऱ्या प्रतीवर हवे तेवढे करावेत. एमपी-३ ही ऐकवण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे, आणि मूळ फिती रूपांतरानंतरही फेकू नयेत. वीस वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली यंत्रे येतील, तेव्हा त्यांना वाजवायला काहीतरी शिल्लक हवे.

उत्तर : सरळ रेघ

वरील तांत्रिक माहिती मोलाची आहे, परंतु मूळ कल्पनेबद्दलच मला शंका आहे. ज्या वाचनालयात पुस्तकांना वाळवीपासून वाचवणे जमत नाही, त्याने ध्वनिफितींचा भार अंगावर घ्यावा का? आकाशवाणीचा मध्यवर्ती ध्वनिसंग्रह दिल्लीत १९५४ पासून आहे, तेथे प्रशिक्षित माणसे आहेत आणि डिजिटल रूपांतराचा अनुभवही आहे. प्रसारण त्यांचे होते, तर फिती त्यांच्या हाती सोपवून मोकळे व्हावे, हे अधिक जबाबदारीचे ठरेल. स्वयंसेवकांचा उत्साह ओसरला की अशा संग्रहांचे काय होते, हे आपण सगळेच जाणतो.

उत्तर : रेकॉर्डवेडा

सरळ रेघ यांच्या शंकेत तथ्य आहे, आणि तिचे उत्तर देण्याचे टाळले तर संग्रह खरोखरच पाच वर्षांत भंगारात जाईल. परंतु त्यांच्या म्हणण्यात एक गृहीतक दडलेले आहे, तेच कार्यकारिणीतील मंडळींचेही आहे. जे प्रसारित झाले ते प्रसारकाकडे असणारच, असे आपण धरून चालतो. जगात कोठेही असे घडलेले नाही. बीबीसीसारख्या संस्थेनेही एके काळी आपले कार्यक्रम पुसले आणि पुढे श्रोत्यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणांवरून त्यांतील काही परत मिळवले. मध्यवर्ती संग्रहात जाते ते निवडलेले असते. राष्ट्रपती-पंतप्रधानांची भाषणे, थोर गायक-वादकांच्या बैठका हे सर्व तेथे योग्यच आहे. पण पुण्याच्या बाजारसमितीतील कांद्याचे भाव सांगणारा आवाज दिल्लीला कोण पाठवणार होते?

प्रसारण आणि ध्वनिमुद्रिका या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पुणेकरांना तरी गीतरामायणाच्या उदाहरणावरून सांगता येते. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि दीड वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. आधी बावन्न आठवड्यांची बावन्न गीते ठरली होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली आणि मालिका १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालली. आज गीतरामायण म्हटले की आपल्या कानांत सुधीर फडके यांचा एकट्याचा आवाज येतो, कारण बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांत सर्व गीते त्यांनी गायिली आहेत. आकाशवाणीवर मात्र पात्रांनुसार माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे, लता मंगेशकर असे अनेक गायक होते. एकच काव्य, एकच संगीतकार, आणि तरीही ऐकण्याचा अनुभव पूर्णपणे निराळा. इतक्या लोकप्रिय मालिकेच्या बाबतीत पुढच्या पिढ्यांची समजूत विकत मिळणाऱ्या तबकड्यांनी घडवली. मग एखाद्या मंगळवारच्या साध्या कौटुंबिक श्रुतिकेचे काय होणार?

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते अधिक बोलके आहे. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला त्याचे प्रसारण सुरू झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून उषा मेहता यांना पकडले. त्या केंद्रावरून काय बोलले गेले हे आज आपण वाचू शकतो ते प्रामुख्याने इंग्रज सरकारच्या माणसांनी कान लावून टिपून ठेवलेल्या नोंदींमुळे. ज्यांना तो आवाज बंद पाडायचा होता त्यांच्याच कागदांतून तो टिकला. ऐकणाऱ्याची नोंद ही बोलणाऱ्याच्या नोंदीपेक्षा कमी दर्जाची असते, हे मत म्हणूनच मला मान्य नाही.

म्हणून माझी सूचना अशी की उत्तम प्रत आकाशवाणीला आदरपूर्वक द्यावी, मूळ फिती मात्र शहरात ठेवाव्यात. पाठवलेली वस्तू परत येत नाही, हेही आपण अनुभवले आहे. जगभर नावाजलेले, भारतीय संगीताचे ध्वनिसंशोधन केंद्र १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले होते. काही वर्षांतच ते दिल्लीकडे गेले आणि आज गुरुग्रामला आहे. त्यात कोणाचा दोष नाही, परंतु पुण्यातील विद्यार्थ्याला आता प्रवासाचे तिकीट काढावे लागते.

राहिला प्रश्न वाळवीने खाल्लेल्या पानांचा. फितीवरचे पुरावे वाचायला शिकले की काळ बराच जवळून ठरवता येतो. विविध भारतीवर जाहिरात ऐकू आली तर ती फीत १ नोव्हेंबर १९६७ नंतरची, कारण व्यापारी प्रसारणाची सुरुवात त्या दिवशी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून झाली. निवेदकाने पुण्यासाठी ७९२ किंवा मुंबई ‘ब’ साठी ५५८ किलोहर्ट्झ असा आकडा सांगितला, तर ती २३ नोव्हेंबर १९७८ नंतरची असणार. त्या दिवसापासून मध्यम लहरींवरील केंद्रांना नऊच्या पटीतील कंपनसंख्या देण्यात आल्या. हे दोन्ही आकडे नऊने भागून पाहावेत. स्टुडिओतील शास्त्रीय गायनाला हार्मोनियमची साथ असेल, तर बहुधा १९७१ च्या पुढचा काळ धरावा, कारण १९४० पासून तोपर्यंत आकाशवाणीच्या स्टुडिओत या वाद्याला मज्जाव होता. बाहेरून आणलेल्या ध्वनिमुद्रणाला मात्र हा नियम लावू नये. एवढे करूनही तारीख सापडली नाही, तर त्या काळच्या पुण्याच्या दैनिकांत रोज छापून येणारे आकाशवाणीच्या कार्यक्रमांचे स्तंभ पाहावेत. त्यांच्या बांधीव फायली बहुधा आपल्याच वाचनालयाच्या माळ्यावर असतील.

उत्तर : दोन ट्रॅक

रेकॉर्डवेडा यांच्या यादीत माझी एक भर. बातम्यांपूर्वीचे वेळेचे ठोके फितीवर सापडले तर ते सोन्यासारखे जपावेत. ते एकेका सेकंदाच्या अंतराने पडतात, त्यामुळे मूळ यंत्र किती जलद किंवा किती मंद चालत होते हे संगणकावर मोजता येते. त्यावरून गती दुरुस्त केली की गायकाची पट्टीही आपोआप बरोबर येते. विजेच्या पन्नास कंपनांच्या घूंकारावरून गती ठरवण्याची पद्धत पुस्तकांत दिलेली असते. त्या काळच्या आपल्या वीजपुरवठ्याच्या भरवशावर मी स्वतः तसे करणार नाही.

उत्तर : कलम बावन्न

आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. हे सर्वसाधारण विवेचन आहे, प्रत्यक्ष निर्णयाआधी वकिलांचा लेखी सल्ला घ्यावा.

जपणे आणि ऐकवणे या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न कृती आहेत. जपण्यासाठी वाट मोकळी आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी तिची संगणकीय साठवण करणे हा भंग ठरत नाही. म्हणजे ही देणगी वाचनालयाच्या दफ्तरात रीतसर नोंदलेली असणे महत्त्वाचे आहे. देणगीपत्र अद्याप करून घेतले नसेल तर आधी ते करून घ्यावे, आणि त्यात फितींबरोबर नोंदवहीचाही स्पष्ट उल्लेख असावा. मूळ श्रोत्याने घरी केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दलही घाबरण्याचे कारण नाही, कारण स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारण मुद्रित करण्यास कायद्याने सूट दिली आहे.

ऐकवण्याच्या बाबतीत एकाच फितीवर हक्कांचे अनेक थर बसलेले असतात. प्रसारणाचा हक्क त्यांतील सर्वांत अल्पजीवी आहे. प्रसारणाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून तो २५ वर्षे टिकतो, म्हणजे १९७५ च्या कार्यक्रमाबाबत तो २००० अखेर संपला. एवढे ऐकून अनेक जण आनंदाने सर्व काही महाजालावर चढवतात आणि फसतात, कारण खालचे थर जिवंत असतात. श्रुतिकेच्या किंवा गीताच्या शब्दांवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहेत. सरकारी कृतींवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात येईपर्यंत आकाशवाणी थेट केंद्र सरकारच्या मंत्रालयाखाली होती, हे येथे लक्षात ठेवावे. गायक-वादकांचे हक्क हा आणखी एक थर आहे.

व्यवहारात मी असे सुचवेन की वाचनालयाच्या आवारात, हेडफोन लावून, अभ्यासकाला नोंद करून ऐकू द्यावे. महाजालावर फक्त सूची ठेवावी. सूचीला कोणाची हरकत येत नाही आणि खरे काम तीच करते. एखाद्या लेखकाचे वारस सूचीत नाव पाहून स्वतःहून संपर्क साधतात आणि आनंदाने लेखी संमती देतात, असे मी दोनदा पाहिले आहे.

उत्तर : मुक्काम जर्सी

मी गेली अनेक वर्षे न्यू यॉर्कच्या नदीपलीकडे राहतो, म्हणून तेथील उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या प्रश्नातील ‘शहराचा ध्वनिसंग्रह’ हे शब्द तेथे अक्षरशः लागू पडतात. डब्ल्यूएनवायसी हे नभोवाणी केंद्र ८ जुलै १९२४ रोजी सुरू झाले ते न्यू यॉर्क महापालिकेच्या मालकीचे म्हणून, पालिकेच्याच इमारतीतून. १९४५ च्या जुलैमध्ये वृत्तपत्रे वाटणाऱ्यांचा संप झाला तेव्हा महापौर ला गार्डिया यांनी मुलांसाठी रविवारच्या चित्रकथा या केंद्रावरून स्वतः वाचून दाखवल्या. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते टिकण्याचे कारण भावनिक नाही. महापौर जे बोलले तो पालिकेचा दस्तऐवज होता, आणि पालिकेचे दस्तऐवज ठेवायला पालिकेचे अभिलेखागार होते. ठरावांच्या आणि नकाशांच्या शेजारी तबकड्या जाऊन बसल्या.

त्या तबकड्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप दिलेल्या असत. महायुद्धात अॅल्युमिनियम मिळेनासे झाले तेव्हा काचेवर लेप देऊ लागले, आणि काचेच्या तबकड्या हातातून निसटल्या की संपल्या. लेप आकसून पापुद्रे सुटतात, म्हणून त्यांच्या बाबतीत घाई करावी लागते. १९९७ मध्ये केंद्र पालिकेकडून एका प्रतिष्ठानाकडे गेले. तीन वर्षांनी, २००० मध्ये, केंद्राने स्वतःचा अभिलेख विभाग काढला. वाटणीत जुना ठेवा दोन घरांत विभागला गेला होता, तरी पुढे दोघांनी मिळून रूपांतराचे काम केले.

आपल्याकडे पेच निराळा आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि १९३० पासून प्रसारण सरकारच्या हाती गेले, ते कधीच शहराचे झाले नाही. आकाशवाणीची जी आरंभधून आपण सर्व जण झोपेतही ओळखू, तिचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर काउफमान नात्सींच्या छळामुळे मुंबईत आश्रयाला आलेले संगीतकार होते आणि मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत सांभाळत होते. ती धून मुंबईची आहे, हे किती मुंबईकरांना माहीत असेल? आवाज शहराचा आणि मालकी दिल्लीची, अशी आपली स्थिती असल्यामुळे तो जपणे हे कोणाचेच वैधानिक कर्तव्य ठरत नाही. त्यामुळे अशा कपाटाची जबाबदारी वाचनालयाने घेणे हा मला उद्धटपणा वाटत नाही. मात्र सरळ रेघ यांच्या शंकेला उत्तर म्हणून एक अट लिहून ठेवावी: वाचनालयाला हे काम झेपेनासे झाल्यास संग्रह कोणत्या संस्थेकडे जाईल, ते आजच देणगीपत्रात नमूद करावे. अमेरिकेतील लहान संग्रहालयेसुद्धा हे कलम विसरत नाहीत.

उत्तर : सरळ रेघ

ते कलम असेल तर माझा विरोध बराच सौम्य होतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, एवढे पथ्य पाळणार असाल तर मीही शनिवारी दोन तास सूचीसाठी येऊ शकेन. ध्वनीचे मला काही कळत नाही, पण अक्षर चांगले आहे.

प्रश्न विचारणारे : पेठेतले वाचनालय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सुचवल्याप्रमाणे काल सकाळी आम्ही तिघांनी एकतीसच्या एकतीस डबे उघडून वास घेतले. चार स्पूलना स्पष्ट आंबूस वास आहे. त्या वेगळ्या खोलीत हलवल्या आहेत. दोन डब्यांवर पांढरी बुरशी आहे, ते पिशव्यांत बंद केले. कॅसेटींचे कान तोडण्याचे काम वाचनालयात येणाऱ्या दोन शाळकरी मुलांनी फार उत्साहाने केले. नोंदवहीच्या प्रत्येक पानाचे, खाल्लेल्या पानांच्या उरलेल्या कडांसह, छायाचित्र घेतले.

एक गोष्ट कळवायची राहिली. डब्यांच्या आतल्या बाजूस त्या गृहस्थांनी शिसपेन्सिलीने बारीक टिपा केल्या आहेत, त्या आम्ही आधी पाहिल्याच नव्हत्या. एका डब्यात लिहिले आहे: “पाऊस. खरखर. मध्ये वीज गेली, पुढचे नाही. सौ.चा आवाज शेवटी.” कार्यकारिणीत हे वाचून दाखवल्यावर केवळ संगीत निवडण्याचा मुद्दा कोणी पुन्हा काढला नाही. सूचीत अशा टिपा जशाच्या तशा उतरवण्यासाठी वेगळा रकाना ठेवायचे ठरले आहे, आणि देणगीपत्राचा नवा मसुदा कन्येकडे पाठवला आहे.

आता अडले आहे ते यंत्रापाशी. चार ट्रॅकचे, सेकंदाला साडेनऊ आणि एकोणीस सेंटिमीटर अशा दोन्ही गतींवर चालणारे स्पूल यंत्र पुण्यात कोणाकडे चालू अवस्थेत असेल, किंवा ते दुरुस्त करणारे कोणी माहीत असेल, तर कृपया येथेच कळवावे. आंबूस वासाच्या त्या चार स्पूल पावसाळ्याआधी उतरवून घ्यायच्या आहेत.